गेटवरचा कॅमेरा आणि पंचवीस हजार ओहम

मंडळी, गेल्या जूनमधली गोष्ट. इथे ओहायोत दुपारचे साडेबारा वाजले होते, म्हणजे नाशिकला रात्रीचे दहा. आईचा फोन आला. "अरे, गेटचा कॅमेरा परत गेला बघ. संध्याकाळी पाऊस झाला, लाईट गेली. तासाभराने आली, सगळं सुरू झालं, हा मेला काही सुरू होईना."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. घरात एकटी असते. बेल वाजली की आधी टॅबवर बघते कोण आलंय, आणि ओळखीचं कोणी असेल तरच काठी घेऊन उठते. मीही सकाळच्या चहाबरोबर एकदा ते गेट बघून घेतो. तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर असं एखादं गेट किंवा एखादा जिना असेलच.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर कॅमेरा आपोआप चालू झालेला. पहिल्यांदा त्याने "कॅमेऱ्याची पॉवर वीक झालीये" म्हणून कॅमेरा बदलला. दुसऱ्यांदा स्विच बदलला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे बरं का, नेटवर्कची डबी, जिच्यात सगळ्या वायरी येऊन बसतात. दोन्ही वेळचे पैसे गेले आणि तिसऱ्या पावसात पुन्हा तेच.

आई मात्र पहिल्यापासून एक गोष्ट सांगत होती, जिच्याकडे मी इंजिनिअर असूनही लक्ष दिलं नव्हतं. "पावसात चालतो रे तो चांगला. पाऊस चालू असताना लाईट गेली, तरच येत नाही." या प्रकरणाचं उत्तर त्या वाक्यातच होतं. पण ते कळायला हा कॅमेरा सुरू कसा होतो ते आधी बघावं लागेल.

एकाच वायरीतून बोलणं आणि जेवण

या कॅमेऱ्याला वेगळी विजेची वायर नाही. नेटवर्कच्या ज्या केबलमधून चित्र येतं, तिच्यातूनच त्याला वीज जाते. याला म्हणतात पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई. ऑफिसातले टेबलावरचे फोन, छताला चिकटलेले वायफायचे पांढरे डबे, सोसायटीच्या गेटवरचे कॅमेरे, बहुतेक सगळे यावरच चालतात.

कल्पना नवी नाही. आपल्या लहानपणी लाईट गेली तरी घरचा काळा फोन चालू असायचा, आठवतंय? एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच दोन तारांमधून ४८ व्होल्ट पाठवत असत. पीओईतही वीज साधारण तेवढ्याच दाबाची असते, ४४ ते ५७ व्होल्टच्या दरम्यान. ६० व्होल्टच्या खाली राहण्याचं कारण सुरक्षितता. त्याखालचा एकदिश दाब माणसाने हाताळायला कमी धोक्याचा मानला जातो.

पण टेलिफोनपेक्षा इथे अडचण मोठी होती. टेलिफोनच्या तारेला फक्त टेलिफोनच लावला जायचा. नेटवर्कच्या भोकात मात्र कोणी लॅपटॉप खुपसेल, कोणी प्रिंटर, कोणी वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी. त्यात थेट ५० व्होल्ट सोडले तर धूरच निघायचा. म्हणून २००३ साली आयईईई या संस्थेने ८०२.३एएफ नावाचं मानक ठरवलं, तेव्हा त्यात एक अट घातली. स्विचने आधी विचारायचं, समोरून नीट उत्तर आलं तरच वीज द्यायची.

पीओईचं एखादं उपकरण सुरू होत नसेल तर "वीज येत्ये का?" हा प्रश्न त्यामुळेच फारसा उपयोगी पडत नाही. स्विच आणि उपकरण यांच्यातलं बोलणं कुठे तुटलं, ते शोधावं लागतं.

पहिला प्रश्न: तू कोण?

त्या रविवारी माझी भाची मल्टिमीटर घेऊन आजीकडे गेली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात चांगला चालतो. मी मुद्दाम रिमझिम चालू असतानाच जा म्हटलं होतं. व्हिडिओ कॉल लावला. तिने स्विचमधली गेटची केबल काढली आणि मोकळ्या पोर्टच्या पिनांवर मीटरची टोकं टेकवली.

"मामा, स्विचच गेलाय. मीटर शून्य दाखवतोय. मधूनच आकडा जरासा थरथरतो, बास."

ही चूक मीही पूर्वी केली आहे. पीओईचा ठणठणीत पोर्टसुद्धा मोकळा असताना मीटरवर जवळपास शून्यच दाखवतो. तो जो आकडा थरथरत होता ना, तोच स्विचचा प्रश्न. दर थोड्या वेळाने स्विच केबलमध्ये एक अगदी हलका दाब सोडून बघतो, तीन ते दहा व्होल्टच्या दरम्यानचा, आणि त्याने किती प्रवाह वाहतो ते मोजतो. पलीकडे खरंखुरं पीओई उपकरण असेल तर त्याच्या आत साधारण २५,००० ओहमचा एक रोध बसवलेला असतो. तो रोध म्हणजे त्याचं ओळखपत्र.

२५,००० हा आकडा विचार करून निवडलेला आहे. साध्या, पीओई नसलेल्या नेटवर्क यंत्रांच्या आत बहुधा ७५-७५ ओहमचे रोध असतात, म्हणजे स्विचला दिसतात फार तर दीडशे ओहम. रिकाम्या केबलचा रोध जवळजवळ अनंत. पंचवीस हजार हा दोन्हींपासून इतका लांब आहे की गफलत होणं कठीण. १९,००० ते २६,५०० ओहममधलं उत्तर स्विचने मान्य करायलाच हवं. १५,००० वा त्याहून कमी, किंवा ३३,००० वा त्याहून जास्त आलं, तर नाकारायलाच हवं. अधल्यामधल्या पट्ट्यात काय करायचं ते स्विच बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

आणखी एक गंमत. स्विच एकदा मोजून थांबत नाही, दोन वेगवेगळ्या दाबांना मोजतो. का, तर उपकरणाच्या तोंडाशी डायोड बसवलेले असतात, केबल कशीही जोडली तरी वीज योग्य दिशेने जावी म्हणून. हे डायोड स्वतःच एक-सव्वा व्होल्ट खातात. एकाच मापावर विसंबलं तर रोध खोटा दिसेल. दोन मापांमधला फरक घेतला की डायोडांचा वाटा आपोआप वजा होतो. वाण्याकडे तेल घेताना आधी रिकामं भांडं तोलतात, तसंच हे.

हे सगळं भाचीला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे स्विच नापास नाहीये. समोरच्याचं ओळखपत्र त्याला पटत नाहीये." बरोबर.

जोडातलं पाणी

शेजारच्या काकांनी शिडी धरली, भाचीने खांबावरचा कॅमेरा उतरवून घरात आणला आणि एका मीटरच्या छोट्या केबलने थेट स्विचला लावला. मिनिटभरात चित्र दिसू लागलं. तपासणीतली ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही, कारण शिडी लागते. पण एका झटक्यात कॅमेरा आणि पोर्ट दोघेही सुटले. संशयित उरली ती बाहेरची केबल.

आता केबल दोन्हीकडून मोकळी होती. भाचीने स्विचकडच्या प्लगमधल्या सोनेरी पट्ट्यांवर मीटरची टोकं टेकवली, दोन नंबर आणि तीन नंबर. या दोन पट्ट्या शेजारीशेजारी असतात, पण वेगवेगळ्या जोड्यांमधल्या: पहिल्या-दुसऱ्या तारेची एक जोडी, तिसऱ्या-सहाव्या तारेची दुसरी. आमचा स्विच याच दोन जोड्यांवर धन आणि ऋण वीज देतो. केबलच्या टोकाला काहीच लावलेलं नसताना या दोघींमध्ये रोध अनंत दिसायला हवा. मीटर दाखवत होता २८,००० च्या आसपास, आणि आकडा सारखा हलत होता.

गेटच्या खांबावर बघितलं तर केबल बसवताना ती हातभर कमी पडलेली. मग मध्ये एक जोड, म्हणजे कपलर, टाकून तिला पुढे वाढवलं होतं. जोडाला पाऊस लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारलेला. पिशवीत बोटभर पाणी! उघडल्यावर आतल्या पट्ट्यांवर हिरवट-निळसर थर.

आता गणित बघा. कॅमेऱ्यातला रोध २५,००० ओहम. त्याला समांतर, पाण्यातून झिरपणारी वाट २८,००० ओहमची. समांतर रोधांचा हिशेब शाळेतलाच: गुणाकार भागिले बेरीज. उत्तर येतं सुमारे १३,२०० ओहम. पंधरा हजारांच्या खाली. स्विच म्हणतो, हे पीओई उपकरण नाही, वीज देता येणार नाही. मानकाप्रमाणे त्याचं अगदी बरोबर होतं.

आणि आईचं वाक्य? तेही इथेच उलगडतं. एकदा वीज दिली की स्विच पुन्हा तो रोध मोजत नाही. कॅमेरा चालू असताना पाऊस आला तर पाण्यातून वाहणार किती? ५० व्होल्ट भागिले २८,००० ओहम, म्हणजे दोन मिलिअँपिअरही नाहीत. कॅमेरा स्वतः शंभरावर घेतो. त्या गळतीने ना विजेला फरक पडतो ना चित्राला. पण पाऊस चालू असताना लाईट गेली आणि आली, की स्विच पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतो, "तू कोण?" आणि या वेळी जोड ओला असतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, पाण्याची वाट सुकत सुकत ८०,००० ओहमच्या वर जाते, एकूण रोध १९,००० च्या पुढे येतो आणि कॅमेरा कोणी हात न लावता सुरू होतो. दुपारी मेकॅनिक येईपर्यंत सगळं छान.

भाचीला खात्री करून घ्यायची होती. तिने जोडातलं पाणी झटकलं, आजीचा हेअर ड्रायर आणून पाच मिनिटं फिरवला. मीटरचा आकडा चढत चढत दिसेनासा झाला. कॅमेरा लावला, मिनिटभरात चालू. "आजी, सुकवल्यावर आला बघ." आई म्हणाली, "मी तेच सांगत होते ना."

दुसऱ्या दिवशी वायरमनने घरापासून कॅमेऱ्यापर्यंत एकसंध केबल ओढली, मध्ये जोड नाही. कॅमेऱ्यापाशी तिला खाली झोळ दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, प्लगपर्यंत पोचत नाही. जोड टाळताच येत नसेल तर तो घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. पिशवी नको. पिशवी पाणी अडवत नाही, साठवते.

दुसरा प्रश्न: तुला किती लागेल?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोन दिवसांनी दिवेलागणीला कॅमेरा पुन्हा गेला. या वेळी पाऊस नव्हता. आणि तो नुसता बंद पडत नव्हता. सुरू व्हायचा, मिनिटभर चित्र द्यायचा, मरायचा, परत सुरू व्हायचा. लक्षण वेगळं होतं, म्हणजे बोलणं पुढच्या कुठल्या तरी पायरीवर तुटत होतं.

ओळख पटली की स्विच दुसरा प्रश्न विचारतो. दाब पंधरा ते वीस व्होल्टपर्यंत चढवतो आणि उपकरण किती प्रवाह ओढतं ते बघतो. हा प्रवाह म्हणजे उपकरणाने सांगितलेला आपला वर्ग. दहाएक मिलिअँपिअर ओढले तर पहिला वर्ग, ४ वॅट पुरे. अठराच्या आसपास असेल तर दुसरा, ७ वॅट. अठ्ठावीस असेल तर तिसरा, १५.४ वॅट. चाळीस असेल तर चौथा वर्ग, ३० वॅट. काहीच सांगितलं नाही तर शून्य वर्ग. मग स्विच सावधगिरी म्हणून १५.४ वॅट राखून ठेवतो.

३० वॅटचा चौथा वर्ग २००९ च्या ८०२.३एटी मानकात आला. त्याआधीच्या पद्धतीचा स्विच त्याला ओळखतच नाही. तो त्याला शून्य वर्ग धरतो आणि १५.४ वॅट देतो. मेकॅनिकने बसवलेला नवा कॅमेरा होता मान फिरवणारा, चौथ्या वर्गाचा. नवा स्विच होता स्वस्तातला, २००३ च्या पद्धतीचा. दिवसा कॅमेरा सात-आठ वॅटवर भागवतो. अंधार पडला की त्याचे अवरक्त दिवे लागतात, वर मान फिरवायची मोटर चालली की मागणी हद्दीबाहेर जाते. स्विच थोडा वेळही वाट बघत नाही; सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास जास्त प्रवाह दिसला की वीज तोडतो. मग पुन्हा ओळख, पुन्हा वर्ग, पुन्हा सुरू, पुन्हा दिवे.

शहाणी उपकरणं अशा वेळी स्वतःला आवरतात. चौथ्या वर्गाच्या उपकरणाला एटी स्विच वर्ग दोनदा विचारतो. एकदाच विचारलं गेलं तर उपकरणाने समजून घ्यायचं असतं की समोरचा जुना आहे, आपल्याला तेरा वॅटांतच भागवायचंय. आमचं तितकं शहाणं नव्हतं. इथे ओहायोत हाच प्रकार जानेवारीत दिसतो. बाहेरच्या काही कॅमेऱ्यांमध्ये थंडीसाठी हीटर असतो आणि तो कडाक्याच्या पहाटे सगळी वीज स्वतःच खातो.

मी तेरा वॅट म्हटलं आणि स्विच तर १५.४ देतो. मधले अडीच कुठे गेले? केबलमध्ये. हा हिशेब मला फार आवडतो. जुन्या मानकाने केबलचा जाऊन-येऊन रोध जास्तीत जास्त २० ओहम आणि प्रवाह ०.३५ अँपिअर धरला. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: २.४५ वॅट. १५.४ मधून वजा केले की १२.९५ वॅट, आणि मानकात उपकरणासाठी नेमका हाच आकडा लिहिलेला आहे. एटीमध्ये प्रवाह ०.६ अँपिअर, केबल चांगली म्हणून रोध १२.५ ओहम, ४.५ वॅट वाटेत जातात, ३० चे २५.५ उरतात. बाहेर गरम होणारी केबल म्हणजे हेच अडीच किंवा साडेचार वॅट.

म्हणून केबल घेताना एक गोष्ट बघाच. बाजारात स्वस्त केबल मिळते, जिच्यातली तार आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. आकडेमोड तांब्याच्या हिशेबाने केलेली असते, त्यामुळे लांब अंतरावर दाब इतका पडतो की उपकरण ४० व्होल्टच्या आसपास जागं होतं, वीज ओढायला लागतं, दाब खाली येतो, ते बंद पडतं, दाब वर येतो, परत जागं होतं. टिक, टिक, टिक. नुसता सलगपणा तपासणाऱ्या टेस्टरवर अशी केबल पास होते, कारण टेस्टर तिच्यातून जवळपास काहीच प्रवाह सोडत नाही. सुरीने तार खरवडून बघा, आत चांदीसारखी चमकली तर ती केबल कॅमेऱ्याला वापरू नका.

आमच्याकडे केबल नवी आणि तांब्याची होती. स्विच बदलण्याऐवजी मी ३० वॅटचा एक इंजेक्टर मागवला. ही छोटी डबी स्विच आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते आणि वीज देण्याचं काम स्वतःकडे घेते. तेवढ्याने भागलं.

इतर काही जागा जिथे बोलणं तुटतं

स्विचचा एकूण कोटा हा एक नेहमीचा चकवा आहे. आठ पोर्टच्या स्विचवर "पीओई" लिहिलेलं असतं, पण आठही पोर्टांना १५.४ वॅट द्यायचे तर १२३ वॅट हवेत, आणि आतला वीजपुरवठा असतो साठाचा. शून्य वर्गाची उपकरणं तीनच वॅट घेत असली तरी काही स्विच त्यांच्या नावावर पूर्ण १५.४ राखून ठेवतात. चारपाच लागली की कोटा संपला. प्रत्येक उपकरण एकेकटं लावलं तर चालतं आणि सगळी मिळून लावली की शेवटचं सुरू होत नाही, असं दिसलं तर आधी हा कोटा तपासा.

जुन्या घरात तारांची वाटणी झालेली असते. केबलमध्ये तारा आठ. शंभर मेगाबिटच्या नेटवर्कला त्यातल्या चारच लागतात, म्हणून कोणीतरी उरलेल्या चारांवर टेलिफोन किंवा दारावरची बेल चालवलेली असते. तुमचा इंजेक्टर वीज द्यायला नेमक्या त्याच चार तारा वापरत असेल, तर लॅपटॉप लावल्यावर नेट झकास चालतं आणि कॅमेरा मात्र मेलेला. "नेट येतंय म्हणजे केबल चांगली" हे पीओईच्या बाबतीत खरं नाही.

काही उपकरणं इतकं कमी खातात की त्यामुळेच मरतात. वीज दिल्यावर स्विच बघत राहतो की समोरचा दहा मिलिअँपिअर तरी ओढतोय ना. तेवढं काही दिसलं नाही तर तीन-चार दशांश सेकंदात तो समजतो की कोणीतरी वायर काढली, आणि वीज बंद करतो. घरी बनवलेले तापमान मोजणारे छोटे सेन्सर असे सुरू होऊन लगेच झोपतात. मी एकदा अशा सेन्सरशेजारी एक रोध नुसता वीज जाळायला जोडून ठेवला होता. चालला. २०१८ च्या ८०२.३बीटी मानकाने ही अट बरीच सैल केली. त्याच मानकाने चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत मजल नेली.

दुबईच्या एका मित्राची गोष्ट वेगळी. त्याने जुना वायफायचा डबा नव्या, महागड्या पीओई स्विचला लावला. काहीच होईना. तो डबा होता २४ व्होल्टच्या "पॅसिव्ह" जातीचा. या जातीत विचारपूस नाही. सोबत दिलेला इंजेक्टर सरळ वीज सोडतो आणि उपकरण ती घेतं. त्याच्यात पंचवीस हजारांचं ओळखपत्रच नसल्यामुळे शिस्तीचा स्विच त्याला कधीच वीज देणार नाही. उलटं केलं, म्हणजे पॅसिव्ह २४ व्होल्टचा इंजेक्टर मानक कॅमेऱ्याला लावला, तरी तो उठणार नाही, त्याला निदान ३७ व्होल्ट लागतात. ही दोन्ही प्रकरणं निरुपद्रवी. पण ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर भलत्याच यंत्राला लावला तर ते जळू शकतं, कारण तिथे विचारणारा कोणी नसतो. घरातल्या सगळ्या इंजेक्टरांवर मार्करने व्होल्ट आणि ते कुणाचं आहे ते लिहून ठेवा. सगळे काळे ठोकळे दिसायला सारखेच असतात.

आता कोणी फोन केला की मी आधी लक्षण विचारतो. अजिबात जीव नाही? मग ओळखच पटत नाहीये: केबल, जोड, तारा किंवा पॅसिव्हची भानगड. सुरू होऊन पुन्हा पुन्हा मरतो? मग भूक आणि ताट यांचा मेळ नाही. ठरावीक वेळीच मरतो? मग त्या वेळी काय बदलतं ते शोधा: अंधार, थंडी, पाऊस, शेजारच्या पोर्टला लावलेलं काहीतरी. त्यानंतर छोट्या केबलने उपकरण थेट स्विचपाशी लावून बघायचं. तिथे चाललं तरी केबलवर पडणारा दाब या परीक्षेत लपतो हे लक्षात ठेवून. विकत काही घ्यायची वेळ यानंतर येते. दूर बसून, व्हिडिओ कॉलवर, तिथल्या माणसाला "काय काय बघितलंस ते सांग" म्हणून शेवटपर्यंत बोलू दिलं तर निम्मं काम होतं. मी आईला दोनदा मध्येच तोडलं होतं.

जुलैत नाशिकला जोराचा पाऊस झाला आणि एका संध्याकाळी दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा कॅमेरा दीडेक मिनिटात परत आला. मेकॅनिकने "गेला" म्हणून काढलेला पहिला कॅमेरा आईने टाकला नव्हता, माळ्यावर खोक्यात ठेवला होता. भाचीने तो मागच्या दाराला लावून दिलाय. दूधवाला सकाळी तिकडूनच येतो.